पत्त्यातला आकडा सभासदांच्या माथी नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सीमाभागातील सहकारी सोसायट्या, शिक्षण संस्था आणि वाचनालये आपले पासबुक, शुल्कभरणा, ग्रंथसूची अशी कामे आता इंटरनेटवर आणू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु यांपैकी काही संस्था सभासदांना जो पत्ता छापून देतात, त्याच्या शेवटी एक अपूर्णविराम (:) आणि त्यापुढे ८०८०, ३००० किंवा ५००० असा एखादा आकडा असतो. तो आकडा सभासदाने जपून ठेवावा, मोबाइलवर अचूक उमटवावा आणि दुसऱ्याला फोनवरून सांगावा, अशी संस्थेची अपेक्षा असते. ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. तो आकडा लोकांच्या नजरेआड ठेवून त्यांना केवळ संस्थेच्या नावाने आत येता येईल अशी व्यवस्था करणे, हे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचे काम आहे आणि ते करवून घेणे ही संचालक मंडळाची जबाबदारी आहे. मी बेळगावात राहून लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळण्याचा व्यवसाय करतो, म्हणून हे अधिकाराने नव्हे तरी अनुभवाने लिहीत आहे.

एक प्रसंग सांगतो. माझी आत्या खानापूर तालुक्यात, जांबोटी भागातील एका खेड्यात राहते. तिचा मुलगा गोव्यात नोकरीला आहे आणि तो दरमहा पाठवतो त्या पैशातून ती एका सोसायटीत आवर्त ठेव भरते. सोसायटीने मागे सभासदांना एक छापील कार्ड दिले. खाते आता मोबाइलवर पाहता येईल, असे त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेले होते व खाली पत्ता होता, शेवटी अपूर्णविराम आणि ८०८०. आत्याने मला फोन केला. मी म्हणालो, "आत्या, नाव लिहून झालं की दोन टिंबं दे आणि पुढे आठ शून्य आठ शून्य लिही." ती म्हणाली, "दिली की रे दोन टिंबं. 'दुःख' लिहिताना देतात तीच ना?"

झाले होते असे की, नाव तिने कार्डावर बघून एकेक इंग्रजी अक्षर शोधत बरोबर लिहिले होते. पण दोन टिंबे त्या कळफलकावर समोर दिसेनात, कारण अपूर्णविराम अक्षरांच्या नव्हे, चिन्हांच्या पानावर असतो. म्हणून तिने कळफलक बदलून मराठीचा घेतला आणि तिथला विसर्ग दिला. शाळेत शिकलेल्या कोणत्याही मराठी माणसाला दोन टिंबे म्हटली की विसर्गच आठवणार, यात तिची काही चूक नाही. पडद्यावर विसर्ग आणि अपूर्णविराम जवळजवळ सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन निराळी चिन्हे आहेत. कळफलक मराठीच राहिल्यामुळे पुढचे आकडेही देवनागरी उमटले. आपण वर्तमानपत्रात ८०८० असे छापतो ते योग्यच आहे, परंतु पत्त्याच्या पट्टीत पोर्ट क्रमांक फक्त इंग्रजी आकड्यांतच चालतो. तेव्हा ब्राउझरला हा पत्ता आहे हेच ओळखता आले नाही. त्याने तो सगळा मजकूर शोधयंत्राकडे पाठवला आणि आत्यासमोर झटपट कर्ज देणाऱ्या भलत्याच ॲपच्या जाहिराती येऊन उभ्या राहिल्या. तिने त्यांपैकी एखादीवर बोट ठेवले नाही, हे आमचे नशीब. दुसऱ्या दिवशी ती पासबुक घेऊन बसने खानापूरला गेली. कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळे बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत हे खरे. पण ऐन रोपलावणीत एक दिवस मोडणे म्हणजे काय, हे त्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

हा आकडा येतो कुठून, ते आधी सांगायला हवे. एका सर्व्हरवर, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या संगणकावर, एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात. आलेली मागणी त्यांतल्या कोणत्या प्रोग्रामकडे द्यायची हे कळावे म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो, त्याला पोर्ट म्हणतात. हा क्रमांक सोळा बिटांत बसवलेला असल्याने तो ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतो. यांपैकी ८० हा क्रमांक साध्या वेब वाहतुकीसाठी आणि ४४३ हा सुरक्षित, म्हणजे कुलूपबंद वाहतुकीसाठी जगभर मान्य झालेला आहे. पत्त्यात काहीच आकडा नसला की ब्राउझर पत्त्याच्या सुरुवातीला http असेल तर ८० आणि https असेल तर ४४३ आपणहून धरून चालतो आणि दाखवत नाही. म्हणून मोठ्या संस्थळांच्या पत्त्यात आपल्याला कधी आकडा दिसत नाही. मात्र सॉफ्टवेअर तयार करणारे आपल्या टेबलावर काम करताना निराळे क्रमांक वापरतात. ॲप बनवण्या-चालवण्याच्या साधनांपैकी टॉमकॅटचा ठरलेला क्रमांक ८०८०, नोडवर लिहिलेल्या ॲपचा बहुधा ३०००, फ्लास्कचा ५०००, जँगोचा ८०००. हे क्रमांक कारागिराच्या सोयीचे आहेत. काम पुरे झाल्यावर ते आत ठेवून बाहेर नीट दार बसवायचे असते. पण घाईत किंवा अज्ञानाने ते तसेच बाहेर राहतात आणि छापखान्यात जाऊन कार्डावर चढतात.

लिनक्स या कार्यप्रणालीवर आणखी एक अडचण असते. तिथे १०२४ च्या खालचे क्रमांक सर्वसाधारणपणे फक्त रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाच घेता येतात. तेव्हा ॲप थेट ८० वर चालवायचे म्हटले तर ते सर्वाधिकार देऊन चालवण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नये. ॲपमध्ये एखादे भोक राहिले तर त्यातून शिरलेल्याला केवळ ॲप नव्हे, अख्खा सर्व्हर मिळतो.

आता उपायाकडे वळतो. जुन्या सरकारी कचेरीत ज्यांनी कधी अर्ज दिला असेल त्यांना बारनिशी, म्हणजे आवक-जावक टेबल, ठाऊक असते. अर्ज त्या एकाच खिडकीवर द्यायचा. तिथला कारकून त्यावर क्रमांक टाकतो, कोणाकडून आला ते नोंदवतो आणि आतल्या योग्य टेबलाकडे पाठवतो. उत्तर तयार झाले की ते पुन्हा त्याच खिडकीतून बाहेर येते. अर्जदाराला आत किती टेबले आहेत, साहेब कोणत्या खोलीत बसतात, याची गरजच पडत नाही. वेबवर हेच काम करणाऱ्या प्रोग्रामला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. तो ८० आणि ४४३ या दोन खिडक्यांवर बसतो, आलेली मागणी आतल्या ८०८० कडे नेतो आणि तिथले उत्तर आपल्याच हाताने परत देतो. ब्राउझरच्या पट्टीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत केवळ संस्थेचे नाव राहते.

याऐवजी दारावरचा शिपाई जर "इथे नाही, मागच्या दाराने आठ हजार ऐंशी नंबरला जा" असे सांगू लागला, तर त्याला रिडायरेक्ट म्हणतात. दोन्हींत फरक मोठा आहे. रिडायरेक्टमध्ये ब्राउझरला नवा पत्ता कळवला जातो, तो स्वतः तिकडे जातो, आणि अर्थातच पट्टीत आकडा उघडा पडतो. मराठीत आपण दोन्हींना सरसकट "वळवणे" म्हणतो, त्यामुळे संस्थेने "आकडा दिसणार नाही अशा रीतीने वळवून द्या" म्हटल्यावर पुरवठादार रिडायरेक्ट करून देतो आणि काम झाल्याचे सांगतो. संचालकांनी स्वतःच्या मोबाइलवर उघडून, खात्यात शिरून, आतली दोन-तीन पाने बघूनच काम पुरे झाल्याचे मान्य करावे.

डोमेनच्या, म्हणजे संस्थेच्या इंटरनेटवरील नावाच्या, नोंदीतच हा आकडा लिहून टाकता येईल, असा एक गैरसमज मला वारंवार भेटतो. तसे होत नाही. डोमेनची नेहमीची नोंद नावापुढे फक्त सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा ओळख क्रमांक, धरते; पोर्ट लिहायला तिथे जागाच नाही. एसआरव्ही नावाच्या नोंदीत पोर्टला जागा आहे, पण संस्थळ उघडताना ब्राउझर ती नोंद बघत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे डोमेन विकणारे जे "मास्किंग" देऊ करतात तो. त्यात वर संस्थेचे नाव दिसते आणि आत एका चौकटीत मूळ आकड्याचे पान दाखवले जाते. दिसायला काम झालेले असते, पण आतले कोणतेही पान उघडले तरी वरचा पत्ता बदलत नाही, त्या पानाची खूण जतन करता येत नाही, बाहेरचे पान सुरक्षित आणि आतले साधे असेल तर ब्राउझर आतले पान दाखवतच नाही, आणि लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या कुकीज परक्या ठरून अडवल्या जातात. पैशाचा व्यवहार असलेल्या ठिकाणी हा प्रकार वापरू नये. ८० वर आलेली वाहतूक फायरवॉलच्या, म्हणजे कोणती वाहतूक आत सोडायची ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याच्या, नियमाने थेट ८०८० वर सोडता येते, आणि एकच ॲप असेल तर ते चालूनही जाते. मात्र मग कुलपाचा सगळा भार ॲपवरच पडतो आणि उद्या दुसरे ॲप आणले की ते बसवायला जागा उरत नाही.

रिव्हर्स प्रॉक्सीसाठी लागणारे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. इगोर सिसोयेव्ह या रशियन अभियंत्याने २००४ मध्ये खुले केलेले एनजिनएक्स, १९९५ पासून चालत आलेले अपाचे, त्यानंतरचे कॅडी, यांपैकी कोणतेही चालते. विंडोजवर आयआयएस हा वेब सर्व्हर वापरणाऱ्या संस्थांनाही त्यात जोड देऊन हेच साधता येते. एनजिनएक्समध्ये मूळ सूचना अवघ्या काही ओळींची आहे: अमुक नावाने ४४३ वर मागणी आली की ती आतल्या ८०८० कडे सोपवावी. कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा व्यवस्था २०१५ च्या डिसेंबरपासून सर्वांना विनामूल्य देत आहे. त्याची मुदत फार तर ९० दिवसांची असते, पण नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय एकदा लावून ठेवली की पुन्हा बघावे लागत नाही. हे प्रमाणपत्र नावाला दिले जाते, पोर्टला नव्हे, हेही लक्षात घ्यावे. पुरवठादार जेव्हा "एसएसएलचा (म्हणजे याच कुलपाचा) खर्च वेगळा पडेल" असे सांगतो, तेव्हा तो नेमका कशाचा, हे विचारण्याचा संस्थेला हक्क आहे.

मात्र काही ओळी लिहिल्या आणि काम संपले, असेही नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते, आणि माझीही झालेली आहे. एका संस्थेसाठी मी प्रॉक्सी बसवली, पाने नीट उघडू लागली, पत्त्यातला आकडा गेला. दोन दिवसांनी सभासदांच्या तक्रारी आल्या की, पैसे भरल्यावर येणाऱ्या एसएमएसमधील पावतीचा दुवा उघडत नाही. बघितले तर त्या दुव्यात संस्थेच्या नावाच्या जागी लोकलहोस्ट आणि पुढे ८०८० होते. लोकलहोस्ट म्हणजे ज्याचे त्याचे स्वतःचे यंत्र. म्हणजे सभासदाचा मोबाइल ती पावती स्वतःच्याच पोटात शोधत होता. कारण असे की, एनजिनएक्स मागणी आत सोपवताना, वेगळे सांगितले नाही तर, मूळ नाव काढून आतल्या टेबलाचे नाव तिच्यावर घालतो. ॲपला वाटते की आपले नावच लोकलहोस्ट, आणि ते सगळीकडे तेच छापू लागते. बाहेरून मागणी कोणत्या नावाने आली, सुरक्षित दाराने आली की साध्या, आणि मूळ कोणाकडून आली, या तीन गोष्टी मागणीसोबत जाणाऱ्या शीर्षकांत (हेडरमध्ये) घालून आत पाठवाव्या लागतात, आणि ॲपलाही ती शीर्षके फक्त आपल्या प्रॉक्सीकडून आली तरच खरी मानायला सांगावे लागते. बारनिशीच्या कारकुनाने अर्जदाराचे नाव न लिहिता अर्ज आत पाठवला तर जे होईल तेच इथे होते. तिसरी गोष्ट राहिली तर प्रत्येक सभासद एकाच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. मग पाच वेळा चुकीचा पासवर्ड देणाऱ्या एकाला अडवताना ॲप सगळ्यांनाच अडवून बसते.

दुसरी नेहमीची तक्रार छायाचित्रांची. ओळखपत्राचा फोटो मोबाइलवरून चढवताना तो नाकारला जातो आणि ४१३ असा त्रुटी क्रमांक दिसतो. एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठा मजकूर आत जाऊ देत नाही, आणि आजच्या मोबाइलचा एक फोटो त्याच्या तिप्पट-चौपट असतो. ही मर्यादा एका ओळीने वाढवता येते. तिसरी तक्रार मार्चअखेरीची: ताळेबंदाचा मोठा अहवाल काढताना ॲपला मिनिटाहून अधिक वेळ लागला की प्रॉक्सी ६० सेकंदांनी वाट बघणे सोडते आणि ५०४ दाखवते. आणि ५०२ दिसला तर समजावे की खिडकी उघडी आहे, आतले टेबलच बंद पडले आहे. सोसायटीतील कर्मचाऱ्यांना एवढे तीन आकडे ठाऊक असले तरी पुरवठादाराला फोन करताना पुष्कळ वेळ वाचतो.

सगळ्यात अधिक दुर्लक्ष होते ते मागच्या दाराकडे. पुढे कुलूप लावलेली सुंदर खिडकी बसवली आणि मागे ८०८० तसाच जगाला उघडा राहिला, तर जुने कार्ड हातात असलेला सभासद त्याच दाराने येत राहतो आणि त्याचा पासवर्ड विनाकुलूप जात राहतो. ॲपला केवळ सर्व्हरच्या आतूनच हाक ऐकू येईल असे, म्हणजे १२७.०.०.१ या आतल्या पत्त्यावर, बांधून ठेवावे आणि फायरवॉलमध्येही ते दार बंद करावे. डॉकर (ॲप बंदिस्त डब्यात चालवणारे साधन) वापरणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावे, कारण डॉकर पोर्ट उघडताना उबुंटू या लिनक्सच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला वळसा घालून जातो. फायरवॉलच्या यादीत बंद दिसणारे दार प्रत्यक्षात सताड उघडे असते. बाहेरच्या एखाद्या मोबाइलवरून, कार्यालयाचे वायफाय बंद करून, जुना पत्ता उघडतो का ते बघणे हीच खरी तपासणी.

मग जुन्या कार्डांचे काय, असा प्रश्न संचालक विचारतात, आणि तो योग्य आहे. शेकडो कार्डे वाटून झालेली असतात, ती परत मागवता येत नाहीत. त्यावर उपाय असा की, ॲपला आत दुसरा एखादा क्रमांक द्यावा, बाहेरच्या ८०८० वर प्रॉक्सीलाच बसवावे, आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला नव्या, आकडा नसलेल्या सुरक्षित पत्त्याकडे पाठवून द्यावे. रिडायरेक्टचा खरा उपयोग हा आहे: आकड्याकडून नावाकडे नेणे. सुरुवातीला हे ३०२ या तात्पुरत्या प्रकाराने करावे आणि महिनाभर सगळे सुरळीत चालले की ३०१ हा कायमचा प्रकार लावावा. कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि त्यात चूक राहिली असेल तर ती सभासदाच्या मोबाइलमधून पुसणे आपल्या हातात नसते.

एकाच सर्व्हरवर पासबुक, कर्जअर्ज आणि कर्मचाऱ्यांची हजेरी अशी तीन ॲप असतील तर तीन आकडे द्यावेच लागतात, असे कोणी सांगितले तर तेही मान्य करू नये. वेबची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते त्यांच्या १९९७ च्या आवृत्तीपासून, म्हणजे एचटीटीपी १.१ पासून, प्रत्येक मागणीसोबत ती कोणत्या नावाने केली हे येतेच. तेव्हा एकाच आयपी पत्त्यावर, एकाच ४४३ वर, तीन निराळ्या उपनावांनी तीन ॲप सुखाने राहतात. एकाच नावापुढे तिरकी रेघ देऊन वेगवेगळे विभाग करण्यापेक्षा उपनावे बरी, कारण पुष्कळ ॲप आपली चित्रे आणि शैली मुळापासूनच्या वाटेवर शोधतात आणि वाट बदलली की उघडी-बोडकी दिसू लागतात.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. अनेक महाविद्यालये, वसतिगृहे आणि कचेऱ्या आपल्या जाळ्यातून बाहेर जाताना फक्त ८० आणि ४४३ एवढीच दारे मोकळी ठेवतात. माझ्या परिचयातील निपाणीची एक मुलगी बाहेरगावी शिकते. शाळेच्या जुन्या दाखल्यासाठीचा ऑनलाइन अर्ज तिच्या वसतिगृहातून उघडेचना. शाळेत फोन केला की "आमच्याकडे तर चालते" असे उत्तर. अर्जाचे ॲप ३००० वर होते आणि वसतिगृहाच्या जाळ्यातून ३००० ला वाटच नव्हती. तीन दिवस गेल्यावर तिने मोबाइलच्या डेटावर तो अर्ज भरला.

आपल्या सीमाभागापुरते एक वेगळे कारणही मला महत्त्वाचे वाटते. इथल्या मराठी माणसाला मराठीतून सेवा मिळण्याची जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांत या सोसायट्या, शाळा आणि वाचनालये येतात. त्यांची माहिती पसरते ती तोंडी: बाजाराच्या दिवशी, देवळाच्या कट्ट्यावर, हळदी-कुंकवाला, गोव्याला किंवा पुण्याला असलेल्या मुलाशी बोलताना. संस्थेचे नाव तोंडी सांगता येते. अपूर्णविराम आणि चार आकडे तोंडी सांगताना ते विसर्ग होतात, स्वल्पविराम होतात, आठ शून्यचे शून्य आठ होतात. आणि एकदा का लोकांना चमत्कारिक पत्ते उघडण्याची सवय लागली की फसवणाऱ्याने पाठवलेला चमत्कारिक पत्ताही त्यांना खटकत नाही, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

यातून एक चांगली वाटही निघते. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत .भारत या शेवटाची नावे मिळतात आणि ती मराठीसाठीही आहेत. संस्थेने आपले नाव देवनागरीत नोंदवले आणि पुढे आकडा ठेवला नाही, तर माझ्या आत्यासारख्या बाईला कळफलक बदलावाच लागत नाही. पाटीवर जे वाचले तेच लिहायचे. आकडा असेल तर ही सगळी सोय शेवटच्या पाच चिन्हांवर अडते, कारण तिथे पुन्हा इंग्रजी कळफलकाकडे जावे लागते. इंग्रजी नाव सोडावे असे माझे म्हणणे नाही. दोन्ही नावे एकाच प्रॉक्सीवर, एकाच ॲपकडे नेता येतात.

सर्वसाधारण सभांच्या दिवसांत सभासदांनी हा विषय मांडावा आणि पुढील करारात संचालकांनी तो लिहून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. सभासदांना दिला जाणारा पत्ता पोर्ट क्रमांकाविना असेल, तो सुरक्षित दाराने उघडेल, ॲपचे आतले दार बाहेरून बंद असेल, एसएमएस व पावत्यांतील दुवेही त्याच नावाचे असतील, आणि डोमेनची मालकी पुरवठादाराच्या नव्हे तर संस्थेच्या नावावर असेल, एवढ्या बाबी करारात आल्या तरी पुरे. यातील शेवटची बाब अनेकदा राहून जाते, आणि पुरवठादार बदलायची वेळ आली की संस्थेला आपलेच नाव दुसऱ्याकडून सोडवून घ्यावे लागते.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती करतो. संस्थांच्या जाहिराती आपल्याकडे येतात, तेव्हा त्यांतील पत्त्यात असा आकडा दिसल्यास जाहिरात विभागाने छापण्यापूर्वी संस्थेला एकदा विचारावे. मागे अशाच एका जाहिरातीत स्तंभ अरुंद असल्याने पत्ता अपूर्णविरामापाशी तुटला होता आणि ८०८० खालच्या ओळीत, दूरध्वनी क्रमांकाच्या अगदी शेजारी जाऊन बसला होता. माझ्या शेजारच्या काकांनी तो त्या क्रमांकाचाच भाग समजून चार आकडे जास्त फिरवले, आणि फोन लागत नाही म्हणून वर्तमानपत्र घेऊन ते माझ्याकडे आले.

आपला,
एक संगणक व्यावसायिक व नियमित वाचक,
वडगाव, बेळगाव